निर्दोष माणसाचा पंचनामा

समस्त खानदेशवासीयांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, निरपराध माणसाला पाच वर्षं कोंडून ठेवल्याची भरपाई मागायला सरकारकडे अर्जाचा नमुनाच नाही. तरी निरपराधांनी आत जाण्यापूर्वी याची नोंद घ्यावी.

हे ज्ञान मला मामांमुळे झालं. पाचोऱ्याजवळ त्यांच्या गावात दरोडा पडला, ओळख परेडीत कुणीतरी चुकून मामांकडे बोट दाखवलं आणि ते धुळ्याच्या तुरुंगात गेले. पाच वर्षांनी हायकोर्टाने निर्दोष ठरवलं. गावाने मात्र आपला निकाल दिला: सुटला, म्हणजे वकील चांगला होता. लग्नाच्या पंगतीत मामांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. म्हणून त्यांना भरपाई हवी होती. शंभर रुपये मिळाले तरी चालतील, म्हणायचे. सरकारने दिले, म्हणजे चूक सरकारची होती हे गावाला पटेल.

जळगावच्या कचेरीत आम्ही अकरा खेपा घातल्या. प्रत्येक टेबलापुढे मी हातवारे करून भाषण ठोकायचो, मामा मागे निकालाची नक्कल छातीशी धरून उभे. टेबल म्हणायचं, हे आमच्याकडे येत नाही. शेवटी एका कनवाळू कारकुनाला तोडगा सुचला. भरपाई वाटायची सवय असलेला विभाग एकच, पीक नुकसानीचा. त्याने अर्ज तिकडे सरकवला. तिकडे वाचतो कोण? नेहमीचा शेरा पडला: तलाठ्यामार्फत पंचनामा करावा.

आणि तलाठी खरंच आला! मामीने ओट्यावर सतरंजी टाकली. समोर पाच-सहा शेजारी गोळा झाले. केळी आडव्या झाल्या की भरतात तोच कागद त्याने काढला. बाधित क्षेत्र किती, त्याने विचारलं. मी म्हटलं, एक माणूस. पीक कोणत्या अवस्थेत होतं? ऐन भरात, मी म्हटलं. तो बिचारा हसलाही नाही, लिहीत गेला. मामा मान खाली घालून बसले होते.

मग पेन थांबलं. नुकसानीचं कारण काय टाकू, वादळ, पूर की गारपीट? रकाना रिकामा ठेवला तर कागद परत येईल. इतका वेळ बडबडणारा मी मामांच्या हातातली निकालाची नक्कल घेऊन चाळू लागलो. शेजारी कान टवकारून. पाच वर्षं एकटीने केळी सांभाळलेली मामी चहाचे कप गोळा करत होती. ती मान वर न करताच म्हणाली,

"सरकार लिखा, भाऊ. गारपीट ते घंटाभरमा थांबी जास."