बेंबी बसवणाऱ्या शेवंताकाकू

आमच्या न्हावरे गावात कुणाची बेंबी सरकली की दवाखान्याआधी शेवंताकाकूंचं दार वाजतं. मी त्यांची शेजारीण, वीस वर्षं बघतेय. तेलाचं बोट बेंबीवर ठेवतात, आतला ठोका चाचपतात, जागेवर नसला तर चोळून आणतात. माझा यावर फारसा विश्वास नाही, पण माझंही पोट त्यांनीच दोनदा बसवलंय, तेव्हा मी गप्प बसलेलं बरं. त्यांची खरी ख्याती वेगळीच. पोटावर हात असताना बाया काय काय बोलून जातात, नवऱ्याला न सांगितलेलं, सासूपासून लपवलेलं. त्यातला शब्द कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. मी खोदून खोदून विचारलं, तरी नाही.

मागच्या माघात भर दुपारी मच्छिंद्र आबांनी आपल्या मुलाला, पृथ्वीराजला, गाडीतून आणलं. पोरगा सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर, रविवारी साखरपुडा. सकाळी दुधाचं कॅन उचललं आणि बेंबी सरकली, असं आबांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पोरगा गुडघे पोटाशी घेऊन गुरासारखा ओरडत होता. काकूंनी बोट ठेवलं. ठोका जागेवर होता. पोट दाबलं तर लोण्यासारखं मऊ, आणि पोराच्या अंगाला घामाच्या धारा. एवढी कळ आणि एवढं मऊ पोट एकत्र त्यांच्या हाताला कधी लागलं नव्हतं. आबा चोळा चोळा म्हणत राहिले. काकूंनी हात काढून घेतला आणि आबांना बाहेर घालवलं. मी तेलाची वाटी धरून उभी होते, म्हणून राहिले.

तेव्हा तो बोलला. काल पुण्यात मित्राच्या खोलीवर कोकेन ओढलं होतं, वर्षभर चालू होतं. त्यानं काकूंचा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"आबांना सांगनार न्हाई, शपथ घ्या."

काकूंनी शपथ घेतली आणि आबांना गाडी थेट शिरूरला घ्यायला लावली. आम्ही दोघीही गाडीत बसलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा विचारलं, काही नशापाणी? आबा म्हणाले, माळकरी घर आमचं, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. पोरानंही डोळे मिटून नाही म्हणून मान हलवली. पोट मऊ असताना हा इतका तळमळतोय का, हे डॉक्टरांनाही कळेना. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवू म्हणाले. काकू बाकावर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. माहीत मलाही होतं. पण आबा आमच्या भावकीतले, माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्याची लाज मला आजही वाटते.

आतून पोरगा पुन्हा ओरडला आणि काकू उठल्या.

"डॉक्टर, त्यानं काल कोकेन वढलंय."

"बाई, तोंड सांभाळा," आबा म्हणाले. "रविवारी सुपारी फुटायचीय."

"पोरगं राह्यलं तर फुटंल, आबा."

डॉक्टरांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. कोकेननं रक्तवाहिन्या आवळतात, रक्ताची गुठळी होते, म्हणाले. हृदय बंद पडतं, मूत्रपिंडं जातात. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की आतडं आत सडायला लागतं, आणि वरून पोट मऊच लागतं. कडक होईपर्यंत उशीर झालेला असतो. पुण्यात त्याच संध्याकाळी हातभर काळं आतडं काढलं. पोरगा वाचला.

सोयरीक मोडली. आबांनी काकूंशी बोलणं टाकलं. त्याहून वाईट म्हणजे बाया यायच्या थांबल्या. शेवंताच्या पोटात काही राहत नाही म्हणे! ज्यांची निम्मी आयुष्यं त्या पोटात पडून आहेत, त्याच बाया हे बोलत होत्या. माझं डोकंच फिरायचं. काकू मात्र तेलाची वाटी रोज घासून ठेवायच्या.

आठ महिन्यांनी पृथ्वीराज एकटाच मोटरसायकलवर आला. वाळला होता. बाजेवर आडवा झाला, शर्ट वर केला.

"दुखतंय व्हय रं?" काकूंनी विचारलं.

"न्हाई." तो आढ्याकडे बघत होता. "काकू, परवा परत वढलं. माझ्या तोंडून न्हाई निघत. आबांना तुम्हीच सांगा."

काकूंनी टाक्यांच्या वणावर हात ठेवला. मग चपला घातल्या आणि त्याला पुढं घालून आबांच्या वस्तीकडे निघाल्या. या वेळी मीही गेले.