निकाल आधी कुणाला

लातूरच्या पुस्तकांच्या दुकानात मी प्रॉडक्ट मॅनेजमेंटचं पुस्तक मागितलं, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "अकरावीचं का बारावीचं?" त्याचं काही चुकलं नाही. त्याच्याकडे भिंतभर डॉक्टर होण्याची पुस्तकं होती. मॅनेजर होण्याचं एकही नव्हतं.

मी मूळची नांदेडची, लग्न होऊन लातुरात आलेली. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण करायची सासरच्या पलंगावर बसून. आमचं ॲप क्लासवाले वापरतात, हजेरीला आणि मार्कांना. तक्रारी ऐकायच्या खुर्चीतून उचलून साहेबांनी मला प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे ॲपमध्ये काय असावं ते ठरवणारी, केलं होतं, पण कच्चं. दिवाळीनंतर आढावा होता. जमलं तर जागा पक्की, नाहीतर परत तक्रारी. घरात 'मोबाईलवर काहीतरी करते' एवढीच माझी ओळख होती आणि मला तिचा मनापासून वीट आला होता.

शिकायला इंटरनेटवर ढीगभर कोर्स होते. वेळ आणि जागा नव्हती. मीटिंग चालू असताना शेजारच्या काकू खोलीत डोकावून म्हणायच्या, "रिकामीच हाईस तर ये की चहाला." दार लावलं तर सुनेला राग आला म्हणून घरभर चर्चा. ऑफिस या शब्दाला आमच्या घरात काडीची किंमत नव्हती. पण हे लातूर. इथे अभ्यास म्हटलं की टीव्हीचा आवाजसुद्धा खाली येतो. मी एक दिवस म्हणाले, "माझी परीक्षा आहे, अभ्यासिकेत जागा लावते." सासूबाईंनी कोणती परीक्षा हेही विचारलं नाही. डबा भरून दिला.

अभ्यासिका म्हणजे प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक मान खाली घातलेलं पोर, आणि भिंतीवर पाटी : बोलण्यास सक्त मनाई. मला बरं वाटलं. नांदेडला दहावीपासून मी अशीच वाढले. शिकणं म्हणजे बसणं आणि पाठ करणं. कोर्समधले तक्ते पाठ केले, स्वतःसाठी सराव पेपर काढले आणि सोडवलेही. प्रत्येक कोर्स पहिल्याच धड्यात सांगायचा, आधी वापरणाऱ्यांशी बोला. तेही मी पाठ केलं. बोलायला बंदी असलेल्या खोलीत बसून, ज्यांच्यासाठी ॲप बनवत होते त्यांच्याच मधोमध, मी ते वाक्य घोकत होते. यात काही विचित्र आहे हे मला कळलंच नाही.

कळलं ते पाण्याच्या कूलरपाशी. शेजारच्या कप्प्यातली मुलगी बिलोलीकडची, नीटला दुसऱ्यांदा बसणारी. तिने विचारलं, "ताई, तुमची कंची परीक्षा?" मी ॲपचं नाव सांगून खरं काय ते सांगितलं, की परीक्षा म्हणजे नोकरीतला आढावा. तिचा चेहराच बदलला.

"ते आमच्या क्लासलाबी हाय," ती म्हणाली. "पेपर तपासला की मार्क आधी बाबाच्या मोबाईलवर. होस्टेलात आमाला बटणाचाच फोन, आमाला कुठलं ॲप? बाबाचा फोन येतो, मी त्यांच्या आवाजावरून वळखते किती पडले ते."

मार्क ताबडतोब पालकांना, ही कल्पना माझी होती. त्या कल्पनेवरच तर साहेबांनी मला उचललं होतं.

"मी सांगते वर," मी म्हणाले. "आधी तुम्हाला कळेल, मग घरी."

"खरंच व्हईल?"

"आढाव्यात हेच मांडते."

आणि मांडलं. अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून, फोन भिंतीला टेकवून, जीव तोडून मांडलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "मुद्दा छान आहे," ते म्हणाले. "पण ॲप घेतात क्लासवाले, आणि क्लासवाल्यांना हवे असतात पालक. ती मुलगी आपलं गिऱ्हाईक नाही." वापरणारा वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं, हे मी पाठ केलेल्या कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं. मग त्यांनी अभिनंदन केलं. जागा पक्की. पहिलं काम, रोजच्या छोट्या टेस्टचे मार्कही लगेच घरी गेले पाहिजेत. मी "हो सर" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? तक्रारींच्या खुर्चीत मला परत जायचं नव्हतं.

जिन्यातूनच घरी 'पास झाले' एवढं कळवून आत गेले तर ती मान वर करून बघत होती. हातानेच विचारलं, काय झालं? मी मान हलवली, नाही. ती उठली, मला दंडाला धरून कूलरपाशी घेऊन आली आणि पेला भरून दिला.

"जाऊ द्या, ताई. नापास झालं म्हणून काय व्हतंय? पुढच्या अटेम्प्टला निघेल. मीबी बसलेच की दुसऱ्यांदा."

तिकडे घरी पेढे आलेले असणार. आपण पास झालो हे तिला सांगायची मला लाज वाटली. मी पाणी पीत राहिले.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिने नाव बघितलं, मग माझ्याकडे. "सकाळचा पेपर तपासला वाटतं," ती म्हणाली, आणि फोन कानाला लावून पलीकडचा आवाज कसा आहे ते ऐकू लागली.