उन्हाचा वास

निखिलचा फोन आला तेव्हा मी हरिशंकरपुरमच्या घरी दाढी करत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. "कुठे गेली?" मी विचारलं. खरोखरच विचारलं. ताईच्या स्तनातली गाठ कर्करोगाची आहे हे कळून एकोणचाळीस दिवस झाले होते, आणि डॉक्टर तोवर पुढच्या सहा महिन्यांच्या उपचारांबद्दल बोलत होते... ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जिने बाजारचं लोणचंसुद्धा कधी घरात येऊ दिलं नाही, तिला हे व्हावं, हे ती जाऊन सात आठवडे उलटले तरी माझ्या गळी उतरत नाही.

खासगी बाजार नावाच्या जुन्या मोहल्ल्यात तिचं घर. छतावर कठड्याशी रंगीत बाटल्यांची ओळ असायची: निळी, हिरवी, नारिंगी. सूर्यकिरणांचं औषधी पाणी. सकाळी नऊला भरायचं, दुपारी तीनला उतरवायचं. ते घरातले सगळे पीत, आणि पिंजऱ्यातली लव्हबर्डची जोडीही. मला त्यात काही तथ्य वाटत नसे. "काय फरक पडतो ते मोजून दाखव," असं मी चिडवायचो. "तू मोजत बस, मी पिते. बघू, आधी कोण म्हातारं होतं ते," ती म्हणायची.

त्या बाटल्या काचेच्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी माकडांनी त्यांतल्या दोन पाडल्या, काच ताईच्या टाचेत घुसली, तीन टाके पडले. पुढच्याच रविवारी मी मुरारहून प्लास्टिकच्या सहा रंगीत बाटल्या घेऊन आलो. हलक्या, घट्ट झाकणाच्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या. हे सगळं मीच तिला पटवून दिलं. "चला, भाऊबीज लवकर आली," ती म्हणाली. त्या मे महिन्यात पाण्याला वास यायला लागला. विचारलं तर म्हणाली, "अरे, उन्हाचा वास आहे तो." आणि मी विषय सोडला. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख दोनदा वाचणारा मी, त्या वासाची चौकशी करावी असं मला वाटलं नाही.

तेराव्यानंतर पक्षी माझ्याकडे आले. मादी मलूल होती म्हणून मुरारच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. तीन वर्षांत चौदा अंडी, एकातूनही पिल्लू निघालं नाही, हे मी त्यांना सांगितलं. ताईने पिंजऱ्यामागच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या. "पानी किसमें रखते थे?" त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तापलेल्या प्लास्टिकमधून काही द्रव्यं पाण्यात उतरू शकतात, म्हणाले. शरीर त्यांना स्वतःचीच संप्रेरकं समजतं आणि फसतं. जनावरांत अंडी, पिल्लं बिघडलेली दिसली आहेत. माणसांतही थायरॉईड, गर्भ, स्तनाचे काही कर्करोग यांबाबत संशय आहे. "लेकिन इन अंडों की वजह यही है, ये मैं लिखकर नहीं दूँगा।" ताईच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, एका कारणावर बोट ठेवता येणार नाही. तेव्हा बाटल्यांनी माझी बहीण नेली असं मी इथे लिहीत नाही. नाही नेली, असंही मला लिहिता येत नाही... आयुष्यभर आकड्यांवर विसंबलो, आणि नेमका हाच आकडा कुणाकडे नाही.

त्या दिवशी पिंजरा घेऊन परतताना एकदम आठवलं आणि स्कूटर कडेला घ्यावी लागली. श्रुती. निखिलची बायको, सातवा महिना. मी तसाच खासगी बाजारात गेलो. ती नारिंगी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतत होती. मी सगळं सांगितलं. तिने पेला खाली ठेवला नाही, तोंडालाही लावला नाही.

"मामा, हॉस्पिटलमधून आई रोज फोन करायच्या. पानी छत पर रखा क्या, म्हणून. आखिरी दिन भी. अब मैं कैसे फेंक दूँ?"

"बरं, आजचा दिवस नळाचं पी. उद्या एकदा माझ्यासमोर वास ताडून बघ, मग ठरव."

माकडांच्या तावडीतून वाचलेली एक हिरवी काचेची बाटली ताईच्या कपाटात होती. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती आणि एक प्लास्टिकची, दोन्ही एकाच नळाखाली भरल्या, एकाच उन्हात ठेवल्या. तीनला श्रुती जिना धरत वर आली. प्लास्टिकचं झाकण काढून तिने हुंगलं. "हाच. उन्हाचा वास." मग काचेची बाटली नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी.

"मामा, याला तर काहीच वास नाही."

मग तिने सहाही बाटल्या एकेक करून मोरीत उपड्या केल्या. मी मदत करू लागलो तर हाताने थांबवलं.

कठड्यावर आता ती एकच हिरवी बाटली असते. श्रुती नऊला भरते, तीनला उतरवते. माकडांनी पाडू नये म्हणून मी बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधून ती कठड्याच्या सळईला अडकवली आहे. दीड हात सुतळी पुरली. नऊ वर्षांपूर्वीही तेवढीच पुरली असती.