निनावी ब्लॉगचा सत्कार

आमच्याकडे एखादी गोष्ट आवडली की माणूस गप्प बसत नाही, सत्कार करतो. पैलवानाचा करतो, बदली झालेल्या तलाठ्याचा करतो, बदली रद्द झाली तर पुन्हा करतो. हे माहीत असूनही मी एका बाईंच्या ब्लॉगची चारचौघांत शिफारस केली. चूक माझीच.

नवं शतक सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि संध्याकाळी नेट कॅफेत बसून लोकांनी हौसेनं चालवलेले मराठी ब्लॉग शोधायचो. अर्ध्या मशीनवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. उरलेल्या मशीनवर जे दिसे, त्यातलं बरंचसं चौकोनच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण मधूनच कुणीतरी भेटायचं. परदेशात बसून आपल्या गावच्या विहिरींची यादी करणारा एकजण होता. कुठली आटली, कुठली बुजवली, सगळं लिहायचा. असे पत्ते मी चिठ्ठीवर उतरवायचो, प्रत्येकापुढे दोन ओळी लिहायचो आणि रविवारी सकाळी आमच्या वाचक मंडळात वाटायचो. मंडळ तालमीच्या वरच्या खोलीत भरे. घरी कॉम्प्युटर जवळजवळ कुणाकडेच नव्हता, म्हणून सोबत एखाद्या लेखाचं प्रिंटआउटही न्यायचो.

त्या बाईंच्या ब्लॉगवर नाव-गाव काहीच नव्हतं. त्या यंत्रमागांच्या शेडबद्दल लिहायच्या. मागांच्या आवाजात आयुष्य गेलेली माणसं घरातही ओरडून बोलतात, आणि शेजाऱ्यांना वाटतं रोज भांडण चाललंय, असं एकदा लिहिलं होतं. अलंकार नाहीत, उपदेश नाही. मी भारावलो, आणि भारावलेला माणूस जास्त बोलतो. चिठ्ठीवर मी लिहिलं : ‘इचलकरंजीतल्या एका शेडच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाई. जेवणाच्या सुट्टीत मालकाच्याच कॉम्प्युटरवर लिहितात.’ हे त्यांनी कुठंही सरळ सांगितलेलं नव्हतं. पाच-सहा लेखांतून मी जुळवलं होतं आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

मंडळात लेख वाचून झाला. आमचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि म्हणाले, "ह्या बाईंचा सत्कार झालाच पाहिजे. शाल, श्रीफळ, मानपत्र. चौकात फ्लेक्स."

"गुरुजी, त्यांनी नाव दिलेलं नाही," मी म्हटलं.

"विनय आहे तो. म्हणून तर सत्कार."

मंडळात एक सुताचे दलाल होते. इचलकरंजीच्या शेडमधून त्यांची नेहमीची फेरी. ते म्हणाले, "माझ्यावर सोडा की. बुधवारी जातोच हाय, हुडकून आणतो."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. संध्याकाळी उत्साहानं त्या बाईंना ब्लॉगवर दिलेल्या मेलच्या पत्त्यावर लिहून ही आनंदाची बातमी कळवली.

मंगळवारी उत्तर आलं. ‘आमचे मालक इंटरनेट बघत नाहीत, पण फ्लेक्स सगळे वाचतात. शेडमधलं बाहेर लिहिते हे कळलं तर नोकरी जाईल. मग कॉम्प्युटर जाईल, आणि लिहिणंही. कृपा करून कुणाला पाठवू नका.’

मी तसाच दलालांच्या दुकानी गेलो. त्यांनी आधी चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते बशीत चहा ओतत राहिले.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"बाई कोण ते. महिन्यातनं दोनदा जातोय त्या शेडला. वाईट सुताची तारीफ करत तीन कप चहा पिणारा दलाल तिनं लिवलाय, वाचला न्हाईसा? मीच त्यो."

"मग हुडकून आणतो का म्हणालात?"

"मी न्हाय म्हटलं असतं तर गुरुजींनी दुसऱ्याला धाडलं असतं. त्यो खरंच हुडकून आला असता. मी जाणार, चार दिवस फिरणार, गावत न्हाय म्हणून सांगणार. तुम्ही शिकलेली माणसं, राव. पोरीचा पत्ता छापून वाटता, आन् वर टाळ्या वाजवता."

मी खाली बघत चहा संपवला.

"आन् ते सूत वाईट नव्हतं," ते म्हणाले. "तेवढं कळवा तिला."

रविवारी त्यांनी दमलेल्या चेहऱ्यानं सांगितलं, बाई काही गावली न्हाय. गुरुजी खरोखर खट्टू झाले. शाल घेऊन झाली होती, हॉल ठरला होता, मानपत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. कुठल्यातरी मुलीनं एवढं चांगलं लिहावं आणि तिला कुणी शाबास म्हणू नये, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही.

पण ठरलेला सत्कार आमच्याकडे रद्द होत नाही, माणूस बदलतो. दलालांनीच माझं नाव सुचवलं. ‘संगणकमहर्षी’ असं लिहिलेल्या फ्लेक्सवर माझा पासपोर्टचा फोटो माणसापेक्षा मोठा करून चौकात आठ दिवस टांगला होता. मानपत्रातलं ‘भगिनी’ खोडून गुरुजींनी ‘बंधू’ केलं. बाकी सगळा मजकूर तिच्याबद्दलचाच होता. शाल अंगावर घेऊन मी तो उभ्यानं ऐकला. घरी आल्यावर मानपत्र जसंच्या तसं टाईप करून तिला मेल केलं.

उत्तर आलं नाही. पुढच्या गुरुवारी ब्लॉगवर नवा लेख मात्र आला, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी.