बोळक्याचे दात

आता तुम्हीच सांगा, दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईनं संध्याकाळी काय करावं? टीव्ही लावावा, पाय पसरावेत, शेजारणीची उणीदुणी काढावीत. आमच्या दातवालीचं तसं नव्हतं. दातांच्या लॅबमधून सुटली की केसांतली प्लास्टरची पूड झटकायची आणि तडक जुना बाजार गाठायची. कुठल्या बंद पडलेल्या आनंदमेळ्याचं सामान आलंय अशी नुसती कुणकुण लागली, की बाईसाहेब हरखल्याच.

घर म्हणजे जेमतेम दोन खोल्या. त्यात दिवाणाच्या पायथ्याशी गोल फिरणाऱ्या पाळण्यावरचा लाकडी घोडा, फ्रिजवर नेमबाजीच्या स्टॉलमधली पत्र्याची बदकं, भिंतीवर मिशीवाल्या पहिलवानाचा रंगवलेला बोर्ड. पहिलवानाच्या दंडाचे पोपडे सुटले होते, पण त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. "जुना रंग खरवडलात तर याद राखा," असा दम आल्या-गेल्याला मिळायचा. आणि खिडकीत बसलेला, चोच फुटलेला प्लास्टरचा हिरवा पोपट. दातवाली अगदी लहान असताना आनंदमेळ्यातून तो घरी आला होता. बाबांनी विकत घेतला असणार, अशी तिची पक्की समजूत होती. या सगळ्या वेडाची सुरुवात त्या पोपटापासून झाली.

थोरली बहीण, अक्का, नवरा वारल्यावर तिच्याकडे राहायला आली. दारातच थबकली आणि म्हणाली, "अगं, हे घर आहे की सर्कशीचं गोदाम?" पण दुसऱ्या दिवसापासून फडकं घेऊन एकेकाला पुसायलाही लागली. पुसायची आणि बोलायची. "सरक रे मेल्या," हे घोड्याला. "मिशा बघा, आणि कामाच्या नावानं शून्य," हे पहिलवानाला. दातवालीचा सगळा जन्म एकटीनं राहण्यात गेलेला. पण आता तिला संध्याकाळी घरी जायची ओढ लागायची, जुना बाजारसुद्धा कधीमधी चुकायचा. तू आलीस ते बरं झालं, एवढं एक वाक्य अक्काला बोलून दाखवायचं, तर तेवढं तिच्या तोंडातून फुटेल तर शपथ!

आणि एक दिवस जेवताना अक्का म्हणाली, "लेक कधीचा बोलावतोय. रविवारी जाते म्हणते त्याच्याकडे. तुझ्या या गोतावळ्यात माझी अडचणच."

"तुझी मर्जी," दातवाली म्हणाली. आणि ताटातला भात तसाच ठेवून उठली.

नेमका त्याच आठवड्यात जुन्या बाजारातल्या भंगारवाल्यानं निरोप धाडला. त्याच्याकडे लाकडाचा एक भलामोठा चेहरा आला होता. लालबुंद गाल, बटाट्याएवढं नाक, आणि आ वासलेलं तोंड. तोंडात दात एकही नाही. "भुताच्या घराच्या दारावरचा असेल, ताई," भंगारवाला म्हणाला, आणि दातवालीनं मान डोलावली. ओठांचा रंग उडून जागोजागी खळगे पडले होते, तर बाई म्हणते कशी, "हिरड्या गेल्यात बिचाऱ्याच्या." मागच्या बाजूला, तोंडाच्या आरपार भोकाभोवती, खिळ्यांची रांग होती. ते टांगायचे खिळे असणार म्हणून सोडून दिलं.

अक्कानं चेहरा बघितला आणि ताट घेऊन पाठ फिरवून बसली. "या बोळक्यासमोर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जाईपर्यंत तरी झाकून ठेव बाई त्याला."

झालं. दातवालीच्या डोक्यानं घेतलं, की घोडं अडलंय ते इथंच. याला चांगले दात बसवले, तोंडावर जरा कळा आली, तर अक्का राहील. वेडेपणाच की हो! पण माणूस जायला निघालं की भल्याभल्यांची अक्कल अशीच चालते. तिनं मेणात जबड्याचं माप घेतलं. सुताराकडून मऊ लाकडाचे तुकडे आणले, एकेक दात तासला, घासला. पांढरेशुभ्र दात या तोंडाला शोभायचे नाहीत म्हणून चहाबाज माणसाचे असतात तसे किंचित पिवळे रंगवले. शनिवारी संध्याकाळी अख्खी बत्तिशी बसवून तिनं चेहरा जेवणाच्या टेबलासमोर टांगला.

अक्का बॅग भरता भरता बाहेर आली. चेहऱ्याकडे बघितलं. जवळ गेली, ओठांवरच्या खळग्यांवरून बोट फिरवलं, आणि मटकन खुर्चीत बसून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"अगं माझे आई! काय केलंस हे? याच्या तोंडात चेंडू टाकायचा असतो! मागे पोतं बांधलेलं असतं, त्यात चेंडू पडतो. हे खळगे नेम चुकलेल्यांचे. आणि तू याला कवळी बसवलीस?"

दातवालीचं तोंडच बोळक्यासारखं उघडं राहिलं. "तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? तू बाबांच्या खांद्यावर झोपली होतीस. जागी असताना त्या पोपटासाठी भोकाड पसरून थकलीस आणि झोपलीस. असंच एक थोबाड होतं. माझा हात दुखायला लागला, बाबा चला चला म्हणत होते, पण मी टाकतच राहिले. शेवटी गेला आत."

दातवाली खिडकीतल्या पोपटाकडे बघत राहिली. "मला वाटायचं, बाबांनी घेतला."

"घेतायत! मी जिंकला. तुझ्यासाठी."

 दातवाली पक्कड घेऊन एकेक दात उपटायला लागली. अक्कानं बॅगेतले मोजे काढून गुंडाळून त्यांचा चेंडू केला. "हो बाजूला. एक टाकला की उद्या जायला मोकळी." नेम धरला, आणि हात खाली घेतला. "ते पुढचे दोन राहिले की गं काढायचे."

"राहू देत."

"मग चेंडू आत जायचा कसा?"

दातवाली चेहऱ्याकडे तोंड करूनच उभी होती. "जायलाच नको. तू जाऊ नकोस, अक्का. मला करमायचं नाही."

 अक्कानं नेम धरून मोज्यांचा चेंडू फेकला. पुढच्या दोन दातांवर आपटून तो परत तिच्या पायाशी येऊन पडला.

"बघ, नाही गेला," अक्का म्हणाली. डोळे पुसले आणि लेकाला फोन लावायला आत गेली.