सर्वांत मागे चालणारी

गेले दोन रविवार माझी थोरली घरात आहे आणि माझ्या जिवाला घोर लागला आहे. लिहिताना माझं मलाच हसू येतं, कारण त्याआधीची अडीच वर्षं ती दर रविवारी घराबाहेर असायची म्हणून मी हाच घोर लावून घेतला होता. तेव्हा वाटायचं, कुठे पाय घसरेल, कुठे कड्यावरून तोल जाईल. आता ती भिंतीकडे तोंड करून दहा वाजेपर्यंत पडून राहते, उठून आठवड्याचे कपडे इस्त्री करते, आणि "जाणार नाहीस का?" विचारलं की "कंटाळा आला" म्हणते. तिला कंटाळा आलेला नाही. आईला एवढं कळतं.

येत्या शुक्रवारी तिची डोंगरवाली मंडळी नवख्यांना घेऊन तीन दिवस बर्फात जाणार आहेत. त्या नवख्यांना सांभाळत सर्वांत मागे चालायचं काम तिला मिळणार होतं. ते दुसऱ्याला मिळालं. का, ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

ती चौतिशीची आहे. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, पण गिऱ्हाइकांना ती दिसत नाही. दुकानाच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे काचा घासायची यंत्रं, पाण्याची बारीक धार, आणि टेबलावर ओळीने मांडलेले ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये एक फ्रेम आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवरच्या नंबराप्रमाणे काच घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची, हे तिचं काम. काच दोन अंश जरी तिरकी बसली तरी माणसाचं डोकं दुखायला लागतं आणि तो बिचारा गोळ्या खात बसतो, असं ती सांगते. म्हणून प्रत्येक काच तीनदा तपासते. मालक तिला 'आमच्या कासवबाई' म्हणतो, पण अवघड काम आलं की मुकाट्याने कासवबाईंच्याच ट्रेमध्ये टाकतो.

बारा वर्षं दुकान आणि घर, घर आणि दुकान. मैत्रिणी लग्नं होऊन पांगल्या. रविवारी ती माझ्याबरोबर बाजाराला यायची, पिशवी धरायची, घरी येऊन झोपायची. माझी बहीण म्हणायची, "अगं, पोर आहे की कपाट? ठेवलं तिथे राहते." मला राग यायचा, पण मनातून बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू? कपाट रात्री घरीच असतं.

मग एक दिवस दुकानात एक निवृत्त पोस्टमन आले. हातात बर्फात घालायचा मोठा, रबरी कडांचा गॉगल. त्यांना त्याच्या आत स्वतःच्या नंबरच्या काचा बसवून हव्या होत्या. पुढच्या काउंटरवर "असं होत नाही" म्हणून सांगितलं गेलं. ते वळणार, तेवढ्यात माझी लेक मागच्या खोलीतून ओले हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "ठेवून जा माझ्याकडे." बारा वर्षांत ती काउंटरपर्यंत आल्याचं मालकाला आठवत नाही. चार दिवस तिने त्या गॉगलशी झटापट केली. न्यायला आलेले पोस्टमनकाका तो डोळ्यांवर चढवून दुकानाबाहेर गेले, रस्त्यापलीकडची पाटी वाचली, परत आत आले आणि म्हणाले, "रविवारी ये आमच्याबरोबर. हे कशासाठी केलंस ते तरी बघ."

त्या मंडळींची एक रीत आहे. रांगेत सर्वांत पुढे चालतो तो सर्वांत नवा माणूस. तो ज्या चालीने चालेल त्याच चालीने सगळ्यांनी जायचं, त्याला कुणी ओलांडायचं नाही. सर्वांत मागे एक मुरलेला माणूस. त्याला ते 'शेपूट' म्हणतात. शेपटाने कुणाला "चला, उरका" म्हणायचं नाही. आणि कुणी "किती राहिलं?" विचारलं तर खरं तेच सांगायचं. "आलंच की" म्हणायला सक्त मनाई.

पहिल्या रविवारी मी तिला तीन स्वेटर घालून पाठवलं. अर्ध्या तासात ती घामाने निथळली, आणि सगळे वळणावर थांबले तसा तो घाम गार पडून दात वाजायला लागले. काकांनी पिशवीतून कोरडा सदरा काढून दिला.

"आईने घातले का गं स्वेटर?"

"हो."

"सगळ्या आया घालतात. पुढच्या वेळी एक अंगात, दोन पिशवीत."

संध्याकाळी गरम सूपचा वाडगा दोन्ही हातांत धरून ती हे सांगत होती आणि हसत होती. "मी सगळ्यांच्या पुढे होते, आई. चौदा माणसं माझ्या मागे, आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही!"

थंडीत वरच्या डोंगरांवर बर्फ पडला आणि स्कीइंग सुरू झालं. पहिला अख्खा दिवस त्यांनी पडायला शिकवलं.

"पडायला शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं?" मी म्हटलं. "आपल्या जिन्यात नसतं जमलं?"

"जिन्यात बाजूला पडायला जागा नसते," ती गंभीरपणे म्हणाली, आणि गुडघे वाकवून बैठकीच्या खोलीत धाडकन आडवी झाली. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले.

"काय पडलं?"

"मी पडले, आजोबा. बरोबर पडते का ते बघत होते."

"बरोबर पडलीस," आजोबा म्हणाले. "माझ्या छताला विचार."

त्यानंतर आमच्या घरातलं बोलणं वाढलं. कुठल्या उतारावर बर्फ कडक असतो, बूट कोरडे करताना आत कागद का कोंबायचा, कुणाच्या गॉगलवर वाफ धरते. जेवताना ती हे सगळं सांगायची आणि मी ताटात बघून हूं हूं करायची.

गेल्या हिवाळ्यात एक नवख्या बाई होत्या, शाळेत संगीत शिकवणाऱ्या. माथा अर्ध्या तासावर आलेला, आणि वारा सुटला. बाईंचे पाय लटपटायला लागले. कुणी म्हणालं, त्यांना आडोशाला बसवू, आपण वर जाऊन येऊ. माझ्या लेकीचा त्या माथ्यासाठी तो तिसरा प्रयत्न होता. तरी ती म्हणाली, "मी यांना घेऊन खाली जाते." आणि चार तास त्यांच्या चालीने उतरली. पोस्टमनकाका तेव्हा काही बोलले नाहीत. पण यंदाचा बर्फ पडला तसं त्यांनीच विचारलं, "या वेळी नवख्यांचं शेपूट तू होशील का?"

ती मला हे सांगत होती तेव्हा बुटांना मेण लावत होती. चेहरा असा फुललेला की मला बघवेना.

"शेपूट म्हणजे तुझ्या मागे कुणीच नाही?" मी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग तूच पडलीस तर?"

"तर ओरडायचं, आई. तू शिकवलंयस की!"

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेल्यावर मी काकांना फोन केला. म्हटलं, तिला चक्कर येते, लहानपणापासून. ती स्वतः सांगायची नाही. आणि मी फोन केल्याचं तिला कळू देऊ नका. खरं काय, तर नऊ वर्षांची असताना ती एकदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी कोसळली होती. मला उठायला उशीर झाला होता आणि पोर उपाशी गेली होती. एवढंच. त्यानंतर आजतागायत काही नाही.

काका म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. बर्फात असं काही लपवून चालत नाही." त्यांचा काय दोष? आई सांगतेय म्हटल्यावर कोण शंका घेईल? मी फोन ठेवला आणि, लाज वाटते लिहायला, मला हलकं वाटलं.

आठवड्याने ती घरी आली आणि दारातच बूट काढता काढता म्हणाली, "शेपटाचं काम प्लंबरला दिलं."

"तो तुझ्यानंतर आला ना?"

"वर्षभराने. काका मला म्हणाले, तू मध्ये चाल. माझ्याकडे बघत नव्हते बोलताना."

"जाऊ दे गं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आज जेवणानंतर मी भांडी घासत होते, ती पुसत होती. एकदम म्हणाली, "मला कळलंय काय झालं ते."

माझा हात साबणातच थांबला. "काय?"

"मी त्या संगीताच्या बाईंना घेऊन मागे फिरले ना, ते. काका बोलले नाहीत, पण मनात ठेवलं असणार. त्यांना वाटलं असेल, ही घाबरट आहे. धीर देऊन वर न्यायला हवं होतं बाईंना. पुढच्या वेळी नाही फिरणार मी."

मी तिच्या हातात ताटली दिली. तिने ती पुसून ठेवली.

अडीच वर्षं दर रविवारी दाराशी उभी राहून मी मनात एकच मागत आले होते, की हिला मागे कधी फिरायचं ते कळू दे. ते तिला कळलं होतं. कुणी न शिकवता, माथा अर्ध्या तासावर असताना कळलं होतं. आणि मी एका फोनने तिला ते चूक ठरवून दिलं. पुन्हा वारा सुटेल, पुन्हा कुणाचे तरी पाय लटपटतील, आणि ती दात आवळून वर जाईल. त्या वेळी तिच्या मागे कुणी असलं काय आणि नसलं काय.

तरी मी "झोप आता, उशीर झाला" एवढंच म्हणाले.

ती आत झोपली आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मघापासून सोपी वाट शोधते आहे. काकांना गुपचूप कळवावं, डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक आहे म्हणून. ते काम तिला परत देतील आणि माझी झाकली मूठ राहील. पण काम मिळालं तरी मागे फिरणं ही चूक होती, हे तिच्या डोक्यात तसंच राहील. आणि आधीच्या खोट्यावर मी आणखी एक खोटं चढवलेलं असेल.

ती साडेआठला दुकानात जायला निघते. काका नोकरीतल्या सवयीने पहाटेच उठलेले असतात. उद्या सात वाजता ती चहा घेऊन या टेबलाशी बसली की मी फोन तिच्यासमोर ठेवणार आहे. स्पीकर चालू करून नंबर लावणार आहे, म्हणजे मधेच शब्द मऊ करायला मला जागा उरणार नाही. प्लंबरचं नाव पक्कं झालं असेल तर काका बदलतील की नाही, कोण जाणे. ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, तेही कोण जाणे. पहिलं वाक्य तेवढं ठरवून ठेवलं आहे: "काका, मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि ती इथे माझ्यासमोर बसली आहे."