ठेवा, मी लावतो

आमच्या रोह्याच्या कंपनीतले 'मी-लावतो साहेब' फोनवर कोणाशीही पहिल्या खेपेला बोलत नसत. पलीकडच्यानं नाव सांगितलं की म्हणायचे, "ठेवा, मी लावतो," आणि मग स्वतः नंबर फिरवून तोच माणूस उचलतो का ते बघायचे. शेजारच्या केबिनमधून मॅनेजरांनी फोन केला तरी हेच. ते भिंतीपलीकडून ओरडायचे, "अहो, मीच बोलतोय!" साहेब शांतपणे म्हणायचे, "असाल. पण नंबरवर सापडायला हवं."

ही खोड त्यांना एका पेटीपायी लागली. नव्वदचं दशक सरता सरता कंपनीनं ती आणली. पेणच्या गोदामातला आणि धरमतरच्या जेटीवरचा कॉम्प्युटर टेलिफोनवरून या पेटीला गाठायचा, की तिथला माल आम्हाला रोह्यात दिसायचा. आत कोणाला घ्यायचं हे साहेब पेटीत भरून ठेवत. पेटी नाव विचारी, पासवर्ड विचारी, आणि दोन्ही बरोबर आलं तरी फोन तोडून, नोंदवलेल्या नंबरावर स्वतः उलटा फोन करी. साहेबांना अशी शिस्त माणसांत कधी भेटली नव्हती. ते तिच्या प्रेमातच पडले.

पेणच्या गोदामाला स्वतःची लाइन मिळेना, म्हणून शेजारच्या गणपतीच्या कारखान्याच्या फोनवरच भागवलं होतं. पेटीचा उलटा फोन गेला की कारखानदार रंगाच्या हातानं आधी उचलायचे आणि पेटीतल्या मोडेमची किंचाळी कानात घ्यायचे. शेवटी त्यांनी निरोप धाडला, "तुमच्या त्या किंचाळणाऱ्या बाईंना सांगा, यंदाच्या मूर्ती संपल्या!" साहेबांनी पेटीला हात लावला नाही. पेणला जाऊन कारखानदारांनाच फोन न उचलायला शिकवून आले. ऐन सीझनात त्यांची किती गिऱ्हाइकं गेली, देव जाणे.

मी शेजारच्या टेबलावर स्टोअरचं काम बघायचे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. साहेबांचा मुलगा त्यांच्याशी भांडून, इथली लागलेली नोकरी सोडून वापीला गेला होता. साहेबांच्या रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरी फोन नव्हता, म्हणून तो ऑफिसात फोन करी, तोही एसटीडी बूथवरून. साहेब त्यालाही म्हणत, "ठेव, मी लावतो." बूथवाला कशाला कोणाला बोलावून देतोय! मुलाला वाटे, बाप तोंडावर फोन आपटतो. साहेबांना आवाज ओळखता येत नव्हता थोडाच? पण नियमाआड राग झाकायची सोय होती.

एके दुपारी साहेबांच्या बायको, आमच्या वहिनी, डबा घेऊन आल्या, त्या माझ्याच टेबलाशी थांबल्या. "पोरानं निरोप धाडलाय गो. आज फोन करील. आज ठेवला तर परत कधी करणार नाय."

मी साहेबांना म्हटलं, "फिरतीवरच्या विक्रीवाल्यांना ठरलेला नंबर नाही, म्हणून त्यांच्यापुरता पेटीचा उलटा फोन तुम्हीच बंद केलात ना?"

"त्यांना पासवर्ड हाय," साहेब म्हणाले. "याला काय हाय?"

वहिनी डबा ठेवून गेल्या. थोड्या वेळानं फोन वाजला. साहेबांनी उचलला, ऐकलं, आणि सवयीनं रिसीव्हर खाली निघाला. मी खुर्चीतून उठलेच. तो अर्ध्यात थांबला आणि परत कानाला गेला.

"पासवर्ड सांग," साहेब म्हणाले. "आपल्या दोघांनाच म्हायती असंल असं काय तरी."

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. साहेबांचा चेहराच बदलला.

"व्हय. लहान होतास, विसरलो होतो तुला धरमतरच्या जेटीवर. कोलाडपर्यंत आलो नि मग आठवलं." ते खिडकीकडे वळले. "आईला अजून सांगितलं नायस? ... बरं. बोल बाळा, बोल."

खूप वेळ बोलले. फोन ठेवल्यावर डोळे पुसत मला दम दिला, "जेटीचं घरी कळता कामा नये."

मुलगा पुढे सणावारी येऊ लागला. मी-लावतो साहेब निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी गेले. मी वहिनींना भेटायला वरश्याला गेले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. जेटीवर—"

"म्हायती हाय गो," त्या म्हणाल्या. "जेटीवर राहिला, त्याच दिवशी रात्री जेवताना पोरानं सांगितलंन. पण यांना कधी बोलले नाय. म्हटलं, असू दे दोघांचं दोघांत."